आधी दरपत्रक, मग अनामत

वृद्धनिवासाचा खर्च चार वाटांनी होतो : प्रवेशाच्या वेळची अनामत, राहण्याजेवणाचे दरमहा शुल्क, शुश्रूषेचा आकार आणि औषधपाणी. जाहिरातीत दिसतो तो बहुधा दरमहा शुल्काचा आकडा. माणूस हिंडताफिरता आहे तोवर तो खरा ठरतो. पडून खुब्याचे हाड मोडले किंवा स्मृतिभ्रंश बळावला, की दिवसपाळी-रातपाळीच्या मावश्या, डायपर, हवेची गादी, फिजिओथेरपी यांची बिले निराळी लागू शकतात. नेमक्या त्याच वेळी जागा बदलणे सर्वांत अवघड असते. काही संस्था तर अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवूनच घेत नाहीत. ही अट लेखी न सांगता अनामत घेणे हा उघड अन्याय आहे.

विम्यावर भिस्त ठेवता येत नाही. आरोग्य विमा उपचारांचा असतो, निवासाचा नव्हे. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून मिळणारे पाच लाखांचे आयुष्मान वय वंदना कार्डही तसेच. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपुरते आहेत. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात मात्र साठीपुढच्या रहिवाशांच्या दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी नाही. संस्थेची आयकर नोंदणी पाहून ही सूट मागावी.

म्हणून नवी मुंबईतल्या सीवूड्समध्ये हा खर्च भागवण्याचा विषय अखेर फ्लॅटवर येतो. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील घर विकताना हस्तांतर शुल्क, दलाली आणि भांडवली नफ्यावरील कर वजा जातात. घर भाड्याने दिले तर मालकी हातात राहते, आणि वृद्धनिवास मानवला नाही तर परतीची वाटही. सर्वांत धोक्याचे म्हणजे आधी घर मुलांच्या नावे करणे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे हाच खरा आधार. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असते.

शासनाची बाजूही लंगडी आहे. त्याच कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद करते, सक्ती करत नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, ते लिफ्ट, उतार, दारांची रुंदी अशा बांधकामाचे. दरमहा शुल्क दरवर्षी किती वाढेल, अनामत किती दिवसांत परत मिळेल, यावर त्यांचे बंधन नाही. ऑस्ट्रेलियात संस्थांना खोलीचे कमाल दर जाहीर करावे लागतात आणि संस्था बुडाली तर परताव्याच्या अनामतीची हमी सरकार घेते. महाराष्ट्र शासनाने असा नियम करण्यास कसलीच आडकाठी नाही. तो तातडीने व्हावा.

तोपर्यंत पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : शुल्कवाढीची मर्यादा, शुश्रूषेचे दर, अंथरुणाला खिळल्यावरचे धोरण, रुग्णालयात असतानाचे शुल्क आणि मृत्यू किंवा निर्गमनानंतर अनामत परत मिळण्याची मुदत. जी संस्था हे लिहून देणार नाही, तिच्या हाती आईवडिलांना सोपवू नये.