पाच वर्षांत दहा मिनिटं

सरकारी अहवाल वाचायची आपल्याला सवय नसते. भाषा जड, तक्ते लांबलचक, आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटून आपण पान उलटतो. पण २०२५च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं जो अहवाल जाहीर केला, तो थेट आपल्या ओट्यापर्यंत, मोरीपर्यंत येऊन पोचलेला आहे. त्याचं नाव 'वेळ वापर सर्वेक्षण'. २०२४ या वर्षभरात देशातल्या सुमारे १ लाख ३९ हजार घरांत जाऊन माणसांना एकच गोष्ट विचारली गेली. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलंत? अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखलेले आणि त्यात एकेक काम लिहून घ्यायचं.

आता त्यातून काय निघालं ते बघू या. १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं जातात. म्हणजे पाच तास पाच मिनिटं. बिनपगारी. मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणूस यांचं करणं वेगळं. जिच्यावर ते आहे तिचे त्यात आणखी १४० मिनिटं जातात. पुरुषांमध्ये जे हे करतात त्यांची ७४ मिनिटं. याआधी अशीच देशभराची पाहणी २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली होती. तेव्हा बाईच्या घरकामाचा आकडा ३१५ होता. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली!

मी हा आकडा दोनदा वाचला. दहा मिनिटं. दूध तापून खाली उतरवेपर्यंत जातात तेवढी.

आणि घरातल्या पुरुषांचं काय? सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा हिशेब पाहिला, तर १०० पैकी ८१ बायका-मुलींनी त्या दिवशी घरकाम केलं होतं आणि पुरुष-मुलांपैकी २७ जणांनी. त्या २७ जणांनी सरासरी ८८ मिनिटं दिली. २०१९ मध्ये ती ९७ होती. म्हणजे तिकडेही वेळ कमीच झाला.

मध्यंतरी देशात एक मोठी चर्चा रंगली होती, ती आठवते का? ऑक्टोबर २०२३ मध्ये 'इन्फोसिस'चे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. मग जानेवारी २०२५ मध्ये 'लार्सन अँड टुब्रो'च्या अध्यक्षांनी ९० तासांची गोष्ट काढली. रविवारीही कामाला या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, अशा अर्थाचं ते बोलले. त्यावर भरपूर टीका झाली, विनोद झाले. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. रविवारी नवरा घरी असताना बायको त्याला बघायला मिळेल अशी एका जागी बसलेली तरी असते का?

जरा बेरीज करू या. ३०५ आणि १४० मिळून ४४५ मिनिटं, म्हणजे रोजचे सात तास पंचवीस मिनिटं. आठवड्याचे जवळपास ५२ तास, आणि त्यात रविवार धरलेला. हे झालं फक्त घरातलं. आता शाळेत, बँकेत, दुकानात किंवा अंगणवाडीत आठ तास आणि सहा दिवस काम करणारी बाई घ्या. तिचं घरातलं काम निम्म्यावर आलं असं धरलं, तरी बाहेरचे ४८ आणि घरचे २६ मिळून ७४ तास होतात. मूर्तींच्या सत्तर तासांच्या ती कधीच पुढे गेलेली आहे. कमावत्या कामात असलेल्या बायकांचं प्रमाणही या पाच वर्षांत २२ टक्क्यांच्या आसपास होतं ते २५ टक्क्यांवर आलंय. म्हणजे बाहेरचं काम वाढलं आणि घरातली दहा मिनिटं कमी झाली.

मग एवढी साधनं आली, त्यांनी वाचवलेला वेळ गेला कुठे? गॅस आला, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, अनेक घरांत नळ आला. यानं कष्ट कमी झाले, हे खरंच आहे. चुलीच्या धुरात डोळे चोळत बसलेल्या आपल्या आज्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण कष्ट कमी होणं वेगळं आणि वेळ मोकळा होणं वेगळं. मशीन आलं तसे रोज दोनदा कपडे बदलायला लागले. गॅस आला तशी प्रत्येकाला ताटात गरम पोळी हवी झाली, तीही ज्याच्या त्याच्या वेळेला. मुलांचे डबे दोन झाले, एक छोट्या सुट्टीचा, एक मोठ्या सुट्टीचा. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आला आणि उद्या रंगीत कागद आणायचाय हे रात्री साडेनऊला कळू लागलं. वाचलेल्या वेळेवर कोणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यात नवीन काम येऊन बसलं.

शिवाय एक काम त्या रकान्यांत मावतच नाही. लक्षात ठेवण्याचं. गॅसचा नंबर कधी लावायचा, सासऱ्यांच्या बी. पी.च्या गोळ्या कधी संपतात, दुधाचं खाडं कोणत्या दिवशी होतं, परवा कोणाकडे बारसं आहे आणि आहेर काय द्यायचा. यातल्या कशालाच दहा मिनिटं लागत नाहीत. पण हे सगळं डोक्यात चालू असेल, तर बाई पलंगावर आडवी झाली तरी तिला विश्रांती मिळत नाही.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट ठळकपणे जाणवते. कामं संपल्यावर विश्रांती मिळेल, ही आपली समजूतच चुकीची आहे. कामं संपत नसतात. विश्रांती ठरवावी लागते.

आज आपण ज्याला हक्काची रविवारची सुट्टी म्हणतो, तीसुद्धा कोणाला शिल्लक राहिली म्हणून मिळाली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आता त्याला १३० हून अधिक वर्षं झाली. पण घरातल्या बाईचा रविवार अजून मान्य व्हायचाय! उलट सगळे घरी, म्हणून त्या दिवशी तिचं काम जास्त. नाश्त्याला काहीतरी वेगळं, जेवायला काहीतरी खास, शिवाय आठवड्याची साफसफाई.

आपल्या जुन्या बायका तशा हुशार होत्या. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असं अनेक घरांत पाळायचे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी त्यामुळे त्या दिवशी पोळ्या लाटण्यातून बाईची सुटका व्हायची आणि झोका, फेर यांना वेळ मिळायचा. सुट्टीची तारीख ठरलेली होती, म्हणून ती मिळत होती. बैलांनासुद्धा पोळ्याला हक्काची रजा असते. त्या दिवशी पुरण कोण वाटतं, ते मात्र विचारू नका.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? 'वेळेचं नियोजन करा' हा सल्ला मी देणार नाही. जी बाई एकाच वेळी कुकर, पाण्याची मोटर आणि मुलाचा पाढा सांभाळते, तिला नियोजन कोणी शिकवायचं?

सुरुवात वहीपासून करा. सर्वेक्षणवाल्यांसारखेच अर्ध्या तासाचे रकाने आखा आणि एक साधा दिवस आणि एक रविवार प्रामाणिकपणे लिहून काढा. लक्षात ठेवायच्या गोष्टींची वेगळी यादी करा. मग ती वही घरात सगळ्यांसमोर ठेवा. भांडायला नाही, फक्त वाचायला. 'तू दिवसभर काय करतेस' या प्रश्नाचं उत्तर तोंडी दिलं की वाद होतो. लिहिलेलं असलं की निदान ते शेवटपर्यंत वाचलं तरी जातं.

मग त्या वहीतली तीन कामं निवडा. एक बंद करायचं, एक कमी करायचं, एक दुसऱ्याला द्यायचं. बंद करण्यासारखं बरंच असतं. घरातल्या चादरींना इस्त्री नसली तरी चालते. उन्हाळ्याच्या पापड-कुरडया गावातल्या बचत गटाकडून घेतल्या तर दुसऱ्या बाईला चार पैसे मिळतात. आठवड्यातून दोन रात्री खिचडी-कढी ठरवून टाकली की 'आज काय करू' हा प्रश्न तेवढे दिवस तरी पडत नाही.

दुसऱ्याला काम देताना मदत मागू नका, अख्खं काम द्या. 'जरा भाजी आणता का' ही मदत झाली. कोणती, किती, कधी संपते, हे तुमच्याच डोक्यात राहिलं. नवऱ्याकडे पाणी द्यायचं असेल तर पूर्ण द्या. नळाची वेळ लक्षात ठेवणं, मोटर लावणं, पिंप भरणं, घासणंसुद्धा. मुलाला आणि मुलीला सारखीच कामं द्या. आणि दिलेलं काम पुन्हा स्वतः करू नका. टॉवेलची घडी तिरकी झाली तरी टॉवेल अंग पुसतोच.

यातून जो वेळ निघेल त्यावर लगेच तुमचं नाव लिहा. 'दुपारी अडीच ते सव्वातीन मी उठणार नाही', असं घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. पहिले आठ दिवस चमत्कारिक वाटेल. या वेळेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपला 'हातासरशी'. हातासरशी एवढे शेंगदाणे भाजून टाकते, हातासरशी कपड्यांच्या घड्या करते. पाऊण तास त्यातच जातो. पाठ टेकायची असेल तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइल बघायला माझी ना नाही, पण तो विरंगुळा आहे, विसावा नाही. बाईला दोन्हींची गरज असते, आणि रात्री सात तासांची झोप यांच्यात धरायची नाही.

आठवड्यातून एकदा उंबरठ्याबाहेर पडा. वाचनालय, भजनी मंडळ, संध्याकाळचं फिरणं, काहीही चालेल. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हा बऱ्याच जणी दवाखाना आणि लग्नकार्य सोडून पहिल्यांदाच नुसत्या मैत्रिणीकडे जाऊन आल्या. मुलं लहान असतील तर शेजारणीशी वार वाटून घ्या. बुधवारी तिची मुलं तुमच्याकडे, शुक्रवारी तुमची तिच्याकडे.

हे सगळ्यांना सारखं जमणार नाही, याची मला कल्पना आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दुपारची अडीचची वेळ मिळत नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर वही मिटून ठेवावी लागते. तिथे नणंद, दीर, जावा यांना 'कधीतरी या' न म्हणता तारीख द्यावी. महिन्यातला अमुक रविवार तुमचा, असं. आणि काही गोष्टी एका घरात सुटणाऱ्याच नाहीत. गावात पाणी एक दिवसाआड आणि भलत्या वेळी येत असेल, तर तिथं नुसत्या वाट बघण्यात आपले तास जातात. म्हणून मतं मागायला येणाऱ्याला पाण्याचं ठरलेलं वेळापत्रक मागा, पाळणाघर मागा. २०२४ मध्ये राज्यात 'लाडकी बहीण' योजना आली आणि दीड हजार रुपये खात्यात जमा होऊ लागले. पैशांची चर्चा झाली, चांगलंच झालं. वेळेची चर्चा मात्र आपल्यालाच सुरू करावी लागेल.

आपल्या कामाला मोल नाही असंही आता कोणी म्हणू शकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे असं सांगितलं, आणि त्या निकालात २०१९च्या याच पाहणीचे आकडे दिले आहेत. फक्त तो हिशेब बाई गेल्यावर मांडला गेला होता. आपण तो आपल्या हयातीत मांडू या.

येत्या रविवारी एक जुनी वही काढा, आणि पहिला रकाना तुम्ही उठता तिथून सुरू करा. दिवसभरातला एक तरी रकाना आधीच तुमच्या नावानं भरून ठेवा. बाकीची कामं त्याच्या आजूबाजूला बसवा.