घरातली गोष्ट चावडीवर येते तेव्हा

भाताची झोडणी उरकली, खरेदी केंद्रावर भात घातला आणि पैसे खात्यावर जमा झाले, की महाड-पोलादपूर भागातला शेतकरी चार दिवस मोकळा असतो. अशाच दिवसांत गेल्या हंगामात पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर मी वालाचा प्लॉट बघायला गेलो होतो. बघून झालं, तरी शेतकरी बांधावरून हलेना. वय पन्नाशीच्या पुढचं. बाकीची माणसं पुढे गेल्यावर म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. पण घरी बोलू नका."

हकिगत अशी. रात्री साडेदहाच्या सुमारास अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. मुलगा मुंबईला असतो, त्याचाच असेल म्हणून यांनी उचलला. समोर एक बाई, अंगावर कपडे नाहीत. गडी दहा-पंधरा सेकंद बघत राहिला. (खोटं कशाला बोलू, असं तोच म्हणाला.) फोन बंद झाला आणि पाच मिनिटांत त्याचा चेहरा आणि ती बाई असा दोघांचा व्हिडिओ त्यालाच येऊन पडला. वीस हजार पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या नातेवाइकांना हे जाईल. त्याने सकाळी पैसे पाठवले. दुपारी दुसऱ्या नंबरवरून 'दिल्ली सायबर पोलीस' बोलले. बाईने जीव द्यायचा प्रयत्न केलाय, केस मिटवायची तर अजून पैसे. तेही गेले. भाताचे आलेले पैसे संपले, वर सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. पंधरा दिवस माणूस जेवला नव्हता. बायकोला वाटलं, पोट बिघडलंय.

मी शेतकी डिप्लोमावाला माणूस. मला करपा कळतो, खोडकिडा कळतो. पण या विषयावर आमच्या पानावर कोणी लिहीत नाही आणि फटका तर आपल्याच माणसाला बसतोय, म्हणून चौकशी करून हे लिहितो आहे. विषय लाजेचा आहे. पण लाजेमुळेच हा धंदा चालतो.

हा धंदा गल्लीतल्या चोराचा नाही. २०२२ मध्ये पुण्यात एका १९ वर्षांच्या मुलाने अशाच धमक्यांना घाबरून जीव दिला. पुणे पोलीस माग काढत थेट राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातल्या गुरुगोठडी गावापर्यंत गेले आणि एकाला धरून आणलं. म्हणजे तिकडे कुठल्यातरी गावात बसून इकडच्या पोराला मारता येतं. त्या कॉलवरची बाई बहुतेक वेळा खरी नसतेच. आधी तयार केलेली फिल्म दुसऱ्या फोनवर लावून दाखवतात. त्यांना फक्त तुमचा चेहरा हवा असतो.

पैसे दिले की प्रकरण मिटेल, ही समजूत साफ चुकीची. ज्याने एकदा दिले तो पुन्हा देतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खरा पोलीस फोनवर केस मिटवायचे पैसे मागत नाही. आमच्या शेतकऱ्याला मी तिथल्या तिथे १९३० ला फोन लावायला सांगितला. हा देशभरचा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं, तर ते पुढच्या खात्यात अडवून धरता येतात. पंधरा दिवसांनी कळवलं तर मिळणं कठीण, तसंच झालं. पण तक्रार नोंदवली आणि त्या नंबरांचे मेसेज न पुसता फोटो काढून ठेवले. पुसायची घाई सगळेच करतात, आणि तोच पुरावा असतो. व्हिडिओ पुढे कोणाला गेला का? दोघा पाहुण्यांना गेला. एकाने फोन करून विचारलं, दुसऱ्याने विचारलंही नाही. आभाळ कोसळलं नाही.

आपल्याच माणसांच्या हातून

अनोळखी चोराचं ठीक आहे, त्याच्यावर ओरडता येतं. पण मला जास्त काळजी वाटते ती आपण रोज ज्याच्या हातात फोन देतो त्याची. आणि त्यात मी स्वतःही आलो.

आपल्याकडे आता शेतीचं प्रत्येक काम फोनवर आलं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. महाडीबीटीचा ओटीपी, पीएम किसानचं ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं त्या एका फोनवर. सगळ्यांना ते जमत नाही. मग शेतकरी फोन उघडून समोरच्याच्या हातात देतो. तो तलाठी असेल, कोतवाल असेल, सेतूवाला असेल, नाहीतर मी.

दोन वर्षांपूर्वी महाड तालुक्यात एका गावी शिबिर होतं. एक ताई सातबारा आणि फोन घेऊन आल्या. नवरा मुंबईला, गणपती आणि शिमग्यालाच गावी येणारा. आधारचा फोटो गॅलरीत आहे म्हणाल्या, म्हणून मी गॅलरी उघडली आणि बोटाने पुढे सरकवत गेलो. तिथे जे दिसलं ते माझ्यासाठी नव्हतं, त्यांच्या नवऱ्यासाठी होतं. मी फोन उलटा टेबलावर ठेवला. पण त्यांना कळलं, मला कळलं हे. त्या ताई नंतर एकाही शिबिराला आल्या नाहीत. बियाण्याच्या अनुदानाचा अर्जसुद्धा त्यांनी केला नाही. त्या बाईची काही चूक नव्हती. चूक माझी होती, फोन त्यांच्याच हातात ठेवून "फोटो तुम्ही काढून दाखवा" म्हणायला पाहिजे होतं. तेव्हापासून तसंच करतो. वेळ लागतो, रांग ओरडते, ओरडू दे.

चाकरमान्यांचा हा मुलूख. अर्धी घरं अशीच चालतात, तो घाटकोपरला नाहीतर दिव्याला, ती वाडीवर. पूर्वी पत्र यायचं आणि पोस्टमन वाचून दाखवायचा तेव्हा माणसं जपून लिहीत. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि रेंज धरायला का होईना, माळावर उभं राहून नवरा-बायको एकमेकांचं तोंड बघू लागली. त्यांनी एकमेकांना काय पाठवावं हा त्यांचा प्रश्न. त्यावर नाक मुरडायचं कारण गावाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो हक्क पोलादपूरच्या वाडीवरही लागू आहे.

आता हे बाहेर फुटतं कुठून? चोरवाटा साध्या आहेत. झेरॉक्सच्या दुकानात कागद छापायला आपण आपलं व्हॉट्सॲप त्याच्या कॉम्प्युटरवर चालू करतो आणि कागद घेऊन घरी येतो. ते तिकडे चालूच राहतं. तुमचे मेसेज दुकानदाराला दिवसभर दिसू शकतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून जागा असते, तिथे जाऊन अनोळखी कॉम्प्युटर दिसला की काढून टाकायचा. हे आजच बघा.

दुसरी वाट अजून वाईट, कारण ती कोणाच्या ध्यानातच येत नाही. फोन घेतला तेव्हा जीमेलचं खातं कोणी उघडून दिलं? दुकानातल्या पोराने नाहीतर भाच्याने. पासवर्ड त्यानेच टाकला, बहुधा मोबाईल नंबरच. फोटोंची प्रत त्या खात्यावर आपोआप जात असेल, तर फोन तुमच्या खिशात असताना फोटो दुसरा कोणी बघू शकतो. पासवर्ड बदला. घरात एकच खातं बापाच्या आणि मुलाच्या फोनवर असेल, तर ते वेगळं करा. आई-बापाचे फोटो पोराच्या फोनवर उमटल्याचं मी ऐकलेलं आहे.

फोन दुरुस्तीला देताना मेमरी कार्ड आणि सिम काढून घ्यावं, काम समोर बसून करून घ्यावं. विकताना आधी खातं काढून फोन पूर्ण कोरा करून द्यावा. आणि 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल ग्रुपवर आली तर तिला हातही लावू नये. कोणतंही सरकारी खातं अशी फाईल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती बसली की मेसेज, नंबर, फोटो सगळं चोराच्या हाती जाऊ शकतं. ती फाईल पुढे ढकलणाऱ्यांत गावचे चांगले जाणते लोक असतात, हे दुर्दैव.

गावकी बसते तेव्हा

फोन नव्हते तेव्हाही हे होतंच. १९९४ मध्ये जळगावचं प्रकरण उघडकीला आलं, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. मुलींना फसवून त्यांची छायाचित्रं काढली आणि त्यांच्या धाकावर वर्षानुवर्षं छळ केला. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला. पण साक्षीला मुली पुढे येईनात. आल्या असत्या तर लग्न मोडलं असतं, बापाला तोंड दाखवता आलं नसतं. बहुतेक आरोपी सुटले. कॅमेऱ्यापेक्षा गावाच्या जिभेची भीती त्यांना जास्त होती.

आपल्या जिल्ह्यात ही भीती काय असते ते सांगायला नको. रायगडची वाळीत टाकण्याची प्रकरणं दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभर गाजली. एव्हरेस्ट चढून आलेल्या गिर्यारोहकाच्या घरालाही गावकीने सोडलं नाही, आणि त्यात त्याच्या बायकोने काय घातलं आणि काय नाही हाही मुद्दा निघाला होता. मग सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला, २०१७ मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या मुलीचा फोटो फिरला म्हणून गावकीने बैठक बसवून तिच्या घराचं पाणी, देवाचा मान, कार्याला जाणं-येणं बंद केलं, तर गुन्हेगार गावकी ठरते. पोलीस पाटलांनी हे बैठकीआधी सांगावं, नंतर नाही.

फोटो मुळात तिनेच काढला होता, मग तक्रार कसली, हा युक्तिवाद चावडीवर हमखास होतो. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की, बाईने फोटो काढायला संमती दिली असेल पण तो दुसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हाच. पहिल्या वेळेला एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम स्त्री आणि पुरुष दोघांनाही लागू. आणि मजा म्हणून ग्रुपवर पुढे पाठवणारे ६७ आणि ६७-ए मध्ये सापडतात, ६७-ए ला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. "मला आलं, मी फक्त पुढे पाठवलं" याला कायद्यात माफी नाही. हे पुरुष मंडळींनी दोनदा वाचावं.

जाणत्या माणसाने आपल्या खोलीत, आपल्या फोनवर मोठ्यांचं काही बघितलं तर नुसतं बघणं हा गुन्हा नाही. त्यावर कोणी पोलीस बनून दंड मागत असेल तर तो भामटा समजावा. मात्र लहान मुलांचं असं काही बघणं, साठवणं हा गंभीर गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते नुसतं जवळ बाळगण्याबद्दलही कडक भूमिका घेतली. ग्रुपवर आलं तर तक्रार करून ग्रुपमधून बाहेर पडावं.

फोटो फिरू लागलाच तर पहिली तक्रार त्या फेसबुक-इन्स्टाग्रामकडेच करायची. ज्याचा फोटो आहे त्याने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तक्रार केली, की कंपनीने तो काढायचा, आणि २०२१ च्या मूळ नियमांत ही मुदत २४ तासांची होती. शिवाय 'स्टॉप एनसीआयआय' नावाची मोफत सोय आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. तिच्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक आकडा, समजा अंगठ्याचा ठसा, तयार होतो आणि तो ठसा कंपन्यांकडे जातो. तसा फोटो तिथे कोणी चढवला की ओळखून अडवतात. व्हॉट्सॲपवर माणसाकडून माणसाकडे जाणारं मात्र याने थांबेल असं नाही. तिथे पोलीसच. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. गावच्या ठाण्यात ओळखीचा हवालदार आहे म्हणून पाय अडखळत असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते, आणि बाई-मुलांच्या बाबतीत नाव न देताही.

आता आम्हा गावकामगार मंडळींबद्दल. शेतकऱ्याचा फोन हातात घेतला की आपण त्याच्या घरात शिरतो. ओटीपी त्यानेच वाचून सांगावा, फोटो त्यानेच काढून द्यावा, काम झालं की फोन लगेच परत. त्याचा पिन आपल्या वहीत लिहून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, "पुढच्या वेळेला सोपं पडतं" म्हणून. ती वही हरवली तर?

त्या वाडीवरच्या शेतकऱ्याने अखेर बायकोला सांगितलं. ती आधी दोन दिवस बोलली नाही, मग पैशांसाठी बोलली, बाईसाठी नाही. परवा तो नाचणीच्या बियाण्यासाठी कचेरीत आला होता. ई-केवायसी करायचं होतं. मी हात पुढे केला, तर म्हणाला, "थांबा साहेब, मी उघडतो," आणि फोन माझ्याकडे पाठ करून उघडला.