वेठीस कोणी कोणाला धरलं?

‘अहो, तीन हजार मागितले! अक्षरशः वेठीस धरलं आम्हाला.’

गेल्या पावसाळ्यात रायपुरातल्या एका मराठी घरी हे वाक्य ऐकलं. सांगणारे गृहस्थ कुटुंबाला घेऊन धमतरीच्या पुढे, गंगरेल जलाशयाच्या बाजूला फिरायला गेले होते. फोटोला जागा चांगली दिसली म्हणून डांबरी रस्ता सोडून गाडी शेताकडच्या कच्च्या वाटेत घातली आणि चारही चाकं चिखलात बसली. गावातून दहा माणसं आली, एक ट्रॅक्टर आला, साखळी आली. तीन तास खपून त्यांनी गाडी डांबरावर आणून ठेवली आणि तीन हजार रुपये मागितले. घासाघीस होऊन दीड हजारांत मिटलं. ऐकणारे सगळेच हळहळले. ‘खेड्यातसुद्धा माणुसकी राहिली नाही’ यावर एकमत झालं.

मला हळहळ वाटली ती एका शब्दाची. अनुवाद हा माझा धंदा आहे. शब्द उलटा घातलेला दिसला की तो सुलटा करून पाहण्याची सवय जात नाही.

वेठ म्हणजे सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून हा शब्द आला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या जुनागढच्या शिलालेखात रुद्रदामन् अभिमानाने नोंदवतो, की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेला कर आणि विष्टीचा त्रास न देता, स्वतःच्या खजिन्यातून बांधून घेतला. वेठ न घेणं ही दगडावर कोरून ठेवण्याइतकी दुर्मीळ गोष्ट होती, असाच याचा अर्थ. पुढे फारसीतून ‘बेगार’ आला आणि मराठीत दोघांची मोट बांधून ‘वेठबिगार’ तयार झाला. वेठीस धरणारा तो, जो रस्त्याने जाणाऱ्याला पकडून त्याच्या डोक्यावर आपलं ओझं देतो आणि हातावर काही ठेवत नाही. वेठीस धरला जाणारा तो, जो ते ओझं वाहतो.

आता शब्दाचा प्रवास पाहा. संपावर गेलेले कामगार जनतेला ‘वेठीस धरतात’. रिक्षावाले प्रवाशांना ‘वेठीस धरतात’. कांद्याला भाव मागणारा शेतकरी शहराला ‘वेठीस धरतो’. रोजच्या वर्तमानपत्रात हे छापून येतं आणि कोणाला खटकत नाही. ज्याचे श्रम फुकट घेतले जायचे त्याच्यासाठी असलेला शब्द आपण उचलला आणि श्रमाचा मोबदला मागणाऱ्याच्या माथी मारला. चिखलातून गाडी ओढणारे दहाजण हे याचं ताजं गिऱ्हाईक.

हा उलटफेर मराठी माणसाने करावा, हे जास्त लागतं. वेठ म्हणजे काय हे या भाषेला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. महार वतनाच्या नावाखाली किती पिढ्यांनी सरकारी आणि गावकीची कामं दिवसरात्र केली, सांगावे पोहोचवले, वाटसरूला वाट दाखवली, अधिकाऱ्यांची ओझी वाहिली! १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. जे काम सरकारचं आहे त्याचा पगार सरकारने द्यावा, एवढी साधी मागणी त्यामागे होती. ती वतनं कायद्याने रद्द व्हायला पुढची तीस वर्षं गेली. त्या काळातही ‘ही आपली परंपरा आहे’, ‘गावाचा जिव्हाळा आहे’ असंच सांगणारे होते. फुकट काम करून घेणाऱ्याला जिव्हाळ्याचा उमाळा फार लवकर येतो.

आणि ही भूमी छत्तीसगडची आहे. १९१०च्या फेब्रुवारीत बस्तरमध्ये जो भूमकाल पेटला, नेतानारचा गुंडाधूर ज्याचा नायक ठरला, त्याच्या कारणांत राखीव केलेल्या जंगलाबरोबर बेगारही होती. आम्ही रायपूरचे मराठी लोक इथे अठराव्या शतकात भोसल्यांच्या सत्तेमागोमाग आलो. १८५४पर्यंत हा मुलुख नागपूरच्या गादीखाली होता. तेव्हा आपली भाषा इथे पाहुणी म्हणून आलेली नाही, हुकमाची भाषा म्हणून आली आहे. त्या भाषेत ‘आम्हाला वेठीस धरलं’ असं म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

बरं, भावना बाजूला ठेवू आणि हिशोब करू. रोजगार हमीवर छत्तीसगडमध्ये २०२५-२६ साठी ठरलेली मजुरी होती दिवसाला २६१ रुपये. देशातल्या फार वरच्या दरांपैकी ही नव्हे. दहा माणसांचे झाले २,६१०. तीन हजारांतून उरले ३९०. त्यात ट्रॅक्टर, डिझेल, ड्रायव्हर आणि साखळी. ‘पण काम तर तीनच तासांचं होतं’ असं कोणी म्हणेल. ते तीन तास पावसाळ्यातले होते. या दिवसांत इथे रोप्यासाठी चिखलणी चालू असते, पेरलेल्या धानात बियासी चालू असते. त्या कामांना पावसाने दिलेली मुदत असते आणि मधूनच मोडलेला दिवस संध्याकाळी परत जोडता येत नाही. इथला शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. काळ्या, जड कन्हारात पावसाळ्यात काय आत जातं आणि काय बाहेर येत नाही हे त्याला पाठ असतं. रुतलेल्या गाडीला साखळी कुठे अडकवायची, चाकाखाली काय घालायचं, ट्रॅक्टर कुठे उभा केला तर तोही बसणार नाही, हे ज्ञान आहे. ताणलेली साखळी तुटली तर समोरच्याचा पाय जाऊ शकतो, ही जोखीम आहे. शेताचा बांध फुटून पाणी वाहून गेलं, चाकाखाली रोप गेलं, ते तर कोणी मोजलंच नाही. गाडी होती पंचवीस लाखांची. मागितलेली रक्कम म्हणजे वाचवलेल्या दर हजारामागे एक रुपया वीस पैसे.

याच कामाला रायपूरहून क्रेन बोलावली असती तर ती जाण्यायेण्याचे किलोमीटर मोजून पैसे घेते, आणि क्रेनवाल्याला कोणी माणुसकीचे धडे देत नाही. त्याच्याकडे पावतीपुस्तक आहे. पावतीपुस्तक असलं की तो दर, नसलं की ती लूट. असा हा न्याय.

आता माणुसकीचा मुद्दा. ‘खेड्यात माणसं एकमेकांसाठी धावून जातात, पैसे मागत नाहीत.’ खरं आहे. आपल्याकडे इर्जिक आहे, सावड आहे. एकाच्या शेतावर सगळ्यांचे नांगर येतात, तो सगळ्यांना जेवू घालतो, उद्या दुसऱ्याच्या शेतावर हाही जातो. पण हे फुकट असतं असं समजणारा माणूस गावात राहिलेला नसावा. ती उधारी आहे. तिची वही नसते, पण आठवण पक्की असते. जो आपली पाळी चुकवतो त्याच्या शेतावर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. शहरातून आलेला पाहुणा या उधारीत कुठे बसतो? उद्या त्या दहांपैकी एकाचा बैल चिखलात रुतला तर हे गृहस्थ रायपूरहून दोर घेऊन जाणार आहेत का? सावडीचा लाभ हवा आणि सावडीची पाळी नको, याला माणुसकी म्हणत नाहीत. ज्याला पाळी फेडता येत नाही त्याने रोख द्यावी. रोख पैसा हे परक्याला उपलब्ध असलेलं सावडीचं एकमेव रूप आहे.

माणुसकीची खरी जागा दुसरी आहे. गाडीत कोणी जखमी असतं तर पैशांची भाषा करणाऱ्याच्या विरोधात मीच लिहिलं असतं. जीव आणि वस्तू यांतला हा फरक समुद्राच्या कायद्याला जुना ठाऊक आहे. १९८९च्या आंतरराष्ट्रीय साल्व्हेज करारानुसार ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून मोबदला घेता येत नाही, पण जहाज आणि माल वाचवणाऱ्याचा मोबदल्यावर हक्क असतो. तो ठरवताना वाचलेल्या मालाची किंमत, कौशल्य, वेळ, धोका हे सगळं पाहिलं जातं. हातात यश नाही तर मोबदलाही नाही, हे तत्त्वही त्यातच आहे, आणि गाडी निघाल्यावरच पैसे मागणाऱ्या गावकऱ्यांनी ते न वाचता पाळलं. बर्फाच्या देशांत रानात अडकलेल्या माणसाला स्वयंसेवक उचलून आणतात. त्याची बर्फावरची गाडी मागे राहते आणि ती आणण्याचा खर्च साधारणपणे त्याचा त्याला करावा लागतो. आपल्याकडे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी मंडळी सह्याद्रीच्या कड्यांवरून माणसं वाचवतात, तीही सेवा म्हणून. त्यांना कोणी दरीत पडलेली मोटारसायकल वर आणायला सांगितली तर?

‘पण आम्ही अडलेले होतो, दुसरा पर्याय नव्हता. त्यांनी अडवणूक केली.’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. अडलेल्याकडून वाटेल ते उकळणं चूकच. त्याच साल्व्हेज करारात अशीही सोय आहे, की संकटाच्या दबावाखाली झालेल्या अन्याय्य अटी न्यायालय बदलू शकतं. कोणी पंचवीस हजार मागितले असते, किंवा पैसे मिळेपर्यंत बायकामुलांना अडवून ठेवलं असतं, तर ‘वेठीस धरलं’ नसेल पण ‘नाडलं’ हा शब्द मी आनंदाने दिला असता. इथे तसं काहीही घडलं नाही. आणि अडलेपण दोन्हीकडे असतं. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणूस भुकेपोटी, गरिबीपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो तेव्हा तेही संविधानाच्या २३व्या कलमाने मना केलेलं सक्तीचं श्रमच असतं. बंदूक डोक्याला लावलेली असावी लागत नाही. त्या निकालाच्या उजेडात तीन हजारांचे दीड हजार करणारी घासाघीस वाचून पाहावी. अडलेल्या दोघांपैकी कोणाला त्या दीड हजारांवाचून जास्त अडलं असेल?

‘आम्ही आधी ठरवलंच नव्हतं’ ही पळवाटही कायद्याने कधीच बुजवली आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं ७०वं कलम सांगतं, की फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी तुमच्यासाठी रीतसर काही केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतलात, तर मोबदला द्यायला तुम्ही बांधील आहात. करार झालेला नसला तरी.

पण दीड हजार तर दिलेच ना? दिले, आणि देताना ‘घ्या, चहापाण्याला’ असं म्हटलं गेलं. माझा मुख्य झगडा या वाक्याशी आहे. मजुरी मागणाऱ्याची असते, बक्षिशी देणाऱ्याची. मजुरीचा आकडा काम सांगतं, बक्षिशीचा आकडा मर्जी सांगते. दहा माणसांच्या श्रमाला चहापाणी म्हटलं की त्यांचा हक्क आपला उदारपणा होतो, आणि त्यांनी जास्त मागितलं की ते कृतघ्न ठरतात. छत्तीसगढीत मजुरीला ‘बनी’ म्हणतात आणि मजुराला ‘बनिहार’. सरळ, ताठ शब्द आहेत. त्यांचा अनुवाद ‘चहापाणी’ होऊ शकत नाही.

साहित्याच्या वाचकांना हे परकं वाटू नये. ‘जरा दोनच पानं आहेत, प्रेमाने करून द्या’ हे वाक्य ऐकलेलं नाही असा अनुवादक मला अजून भेटायचा आहे. आमच्या मजुरीला ‘मानधन’ म्हणतात, त्यात मान आधी येतो आणि धनाचा पत्ता नसतो. दर विचारला की समोरच्या चेहऱ्यावर तीच हळहळ उमटते: भाषेसाठीसुद्धा पैसे? ज्यांना हा प्रश्न आपल्या बाबतीत अपमानकारक वाटतो, त्यांनी तो चिखलात उभ्या असलेल्या माणसाला विचारू नये.

काय करावं हे अवघड नाही. माणसं जमली की हात लावण्याआधी विचारावं: काय द्यायचं? माणसामागे पूर्ण दिवसाची मजुरी धरावी, कारण दिवस मोडलेला असतो. ट्रॅक्टरचं भाडं आणि डिझेल वेगळं द्यावं. बांध फुटला असेल, पीक चिरडलं असेल, तर ते शेत कोणाचं हे शोधून त्याच्या हातात भरपाई द्यावी. ज्याच्या हाती पैसे दिले त्याच्याभोवती बाकीचे उभे आहेत ना, एवढं पाहावं. एखादे आजोबा ‘राहू द्या’ म्हणतील. तसं म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे. ते तसं म्हणतील असं गृहीत धरण्याचा अधिकार आपला नाही. त्यांचे पैसे त्यांनी नाकारावेत, आपण वाचवू नयेत.

आणि तरीही आकडा मोठा वाटला तर मराठीत शब्द पुष्कळ आहेत. ‘महाग पडलं’ म्हणा. ‘भुर्दंड बसला’ म्हणा. ‘वेठ’ मात्र ज्यांनी वाहिली, त्यांच्याकडेच राहू द्या.