आत कोण बसलंय?

हेडसेट डोळ्यांवर चढवला की समोर रस्ता, दुकान, कॅफे, पब, बस येते. आणि डॉक्टरांचं प्रतीक्षागृहही. आभासी प्रशिक्षक सांगेल तसं माणसांत थांबायचं, नजर चोरायची नाही. घराबाहेर पडायला धजत नसलेल्या मनोरुग्णांसाठीचा हा ‘गेमचेंज’ नावाचा उपचार. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या पुढाकाराने ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या ‘ऑक्सफर्ड व्हीआर’ कंपनीने तो घडवला. ३४६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सहा आठवड्यांत धास्ती घटली, ज्यांना त्रास जास्त त्यांना गुण जास्त. काम चोख आहे.

प्रश्न त्या प्रतीक्षागृहाचा. इंग्लंडमध्ये ते आभासी बनवून चालतं, कारण खरं प्रतीक्षागृह गावात आहे आणि त्याच्या आत डॉक्टर आहे. (तारीख लांबची मिळते, ते वेगळं.) चाचणीतही हेडसेट चालू उपचारांच्या जोडीला दिला होता आणि शेजारी कर्मचारी बसलेला होता. उद्योजक मात्र हीच वस्तू ‘डॉक्टर कमी आहेत ना, मग हे घ्या’ म्हणून विकायला निघतात.

इकडे वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या माणसाला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. म्हणजे दोघांचं एसटीभाडं, दोघांची बुडालेली मजुरी, आणि पुढच्या महिन्यात गोळ्यांसाठी पुन्हा तेच. दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहायची भीती त्याला असेलही. पण आधी खिडकी तरी हवी.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने ३० गावांत गावातलीच माणसं तयार केली. ती घरोघर गेली, समुपदेशकापर्यंत आणि गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत रुग्ण नेले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात २७.२ टक्के घेऊ लागले. हे आकडे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. हेडसेट एकही नव्हता.

वाशीममध्येही असं काम करणारी बाई आहेच. २०१५ पासूनच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून विचारते: झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का? या कामाचा तिला पगार नाही, मोबदला आहे. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढे पाठवायला तिच्या हातात माणूस हवा. उपकरण देऊन ती जागा भरत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, तेही दूरदृश्य प्रणालीने. तिथे कोणी हेडसेटचा प्रस्ताव घेऊन आलं, तर जरूर ऐकावं. मात्र खरेदीची फाईल हलवण्याआधी सहाही तालुक्यांतल्या सरकारी रुग्णालयांच्या फलकावर मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येणार, ते लिहून लावावं. आणि त्या वारी त्याने यावं.