शाई कुणाच्या खात्यात?

मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. चार कादंबऱ्या नावावर असल्या, तरी विद्वानांच्या पंगतीत मला पाट मिळत नाही. त्याची खंतही नाही. पण त्या पंगतीतून परवा माझ्याबरोबर एका तबला करणाऱ्या कारागिरालाही उठवले, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

हकिगत अशी. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर, मी आणि गावचे ते वृद्ध कारागीर, असे तिघे वर्षभर एकत्र बसलो. लोखंडाची भुकटी आणि खळ यांच्या लगद्याचा पातळ थर ते पुडीवर देत, दगडाने घोटत, बोट मारून ऐकत, की पुन्हा थर. सरांनी स्वर मोजले, मी थरांची चित्रे काढली, कारागिरांनी कान दिला. तिघांच्या नावाने लेख सिद्ध झाला. विज्ञानाच्या नियतकालिकाने कळवले, ‘ही कला आहे.’ संगीताच्या नियतकालिकाने कळवले, ‘हे पदार्थविज्ञान आहे.’ अनुदानाच्या अर्जात ‘विषय’ या शब्दापुढे चौकोन एकच! वर एका सद्गृहस्थांचा सल्ला असा, की कारागिराचे नाव लेखकांतून काढून आभारात घाला.

वाचकहो, शाई म्हणजे काय नुसता काळा ठिपका? साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात; त्यामुळे आवाज होतो, पण नेमका सूर लागत नाही. मधल्या शाईच्या वजनाने पहिले काही उपस्वर जवळजवळ पूर्ण पटीत येतात आणि तबला गाऊ लागतो. आपल्या वाद्यांचे हे मर्म सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडले आणि १९३४ साली त्यावर विस्ताराने लिहिले. नोबेल त्यांना १९३० साली मिळाले. म्हणजे पहिला निबंध छापणाऱ्याने पदक पाहून छापला नव्हता. आणि रामन यांच्या कितीतरी आधी ज्याने ही शाई केवळ कानाने साधली, त्याचे नाव इतिहासाने ठेवलेच नाही. तीच चूक आपण आज पुन्हा करायची काय?

कुणी म्हणेल, ‘अशा लेखनाची पारख कोण करणार? दोन घरचा पाहुणा उपाशी!’ शंका रास्त आहे. हौशी भेसळ संशोधनाच्या नावाने खपू नये, हे मलाही मान्य. मग परीक्षक दोन नेमा, दोन्ही घरचे. आणि तिसरा त्या धंद्यातला जाणता. ध्वनिमुद्रण आणि चित्र यांना पुरावा माना. कारागिराच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी अनुदानात धरा आणि त्याचे नाव लेखकांच्या ओळीत छापा. यात अशक्य ते काय?

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात कथा, कविता, चित्र आणि विचार एकाच दोऱ्यात शिवून येत आहेत. आजीपासून नातवापर्यंत सारे तो वाचतात; कुणाला अपचन झाल्याचे ऐकिवात नाही. फराळाच्या ताटाला जे कळते, ते विद्वत्तेला कळू नये?

आमच्या कारागिरांचा हात आता थरथरतो. मुलगा रिक्षा चालवतो; त्याला दोष कोण देईल? लेख पुन्हा टपालात टाकला आहे, तीन नावांसह. एक जरी नाव गाळायला सांगितले, तरी तो परत घेईन.