पोटातला अर्धविराम

दिवाळीच्या फराळाला दुरून नमस्कार करणारा मनुष्य तुम्ही पाहिला आहे काय? गेल्या वर्षी तो मान माझा होता. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत मी मराठी शिकवतो. पण गेल्या दिवाळीत चकलीचा वाससुद्धा नकोसा झाला होता. मध्यरात्री पोटात निखारा पेटे आणि चार घास खाल्ले की विझे.

हे दुखणे आमच्या घराला नवे नव्हे. आमचे आबा केज तालुक्यात शाळामास्तर. १९८४ च्या सुमारास त्यांना अल्सर झाला. ताटातली भाकरी आणि ठेचा गेला, दूधभात आला, तो कायमचा. 'चिंता करू नका, रागावू नका,' असे जो तो सांगे. आई म्हणे, "माझ्याच हाताला तिखट फार!" हा आळ तिने आबा गेल्यावरही सोडला नाही.

गंमत पाहा, त्याच १९८४ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी डॉ. बॅरी मार्शल यांनी एका जंतूचे पाणी स्वतः प्यायले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. या जंतूला आज 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' म्हणतात. पुष्कळशा अल्सरांचे मूळ तोच, हे दाखविल्याबद्दल मार्शल आणि डॉ. रॉबिन वॉरेन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंगदुखीच्या गोळ्या हे दुसरे मोठे कारण. राग आणि ठेचा दुखणे चाळवतील फार तर.

माझ्या पोटात दुर्बीण घालून डॉक्टरांनी तोच जंतू शोधला. आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन अँटिबायोटिके, १४ दिवस. सहाव्या दिवशी दुखणे पळाले. तोंड मात्र कडूजहर झाले. मी गोळ्या कपाटात टाकल्या. दोन महिन्यांत निखारा परत हजर!

"सर, तुम्ही अर्धविरामालाच पूर्णविराम समजलात," डॉक्टर म्हणाले, आणि हसले नाहीत. "अर्धवट औषधातून वाचलेला जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाही."

पुन्हा १४ दिवस, या वेळी बिस्मथ धरून चार औषधे. ती संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी. तिच्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळीही बंद, नाहीतर जंतू असून सापडत नाही. तेव्हा वाचकहो, दुखणे थांबले म्हणून थांबू नका. गोळ्या पुऱ्या करा आणि चाचणीही चुकवू नका.

चाचणी निर्मळ आली. अहवाल मी आईला वाचून दाखविला.

"म्हणजे जंतूमुळं होतं का रे? माझ्या तिखटानं नाही?"

"तिखटानं नाही, आई. आबांनाही बहुधा हाच जंतू असेल."

ती बराच वेळ बोलली नाही. यंदा आबांच्या फोटोपुढे फराळाचे ताट ठेवताना मात्र तिने कडेला चिमूटभर ठेचा वाढला.