भिंतीवरचा वैद्य आणि आपण

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा लसीकरणावरचा माझा नेहमीचा लेख जवळजवळ तयार होता. तो बाजूला ठेवावा लागला, त्यास एक प्रसंग कारण झाला.

गेल्या पावसाळ्यात दवाखाना बंद करण्याच्या सुमारास एक तरुण आला. हत्ती-सशांच्या चित्रांखाली, तान्ह्या मुलांच्या आयांमध्ये, मिसरूड फुटलेला हा मुलगा अंग चोरून बसला होता. त्याच्या गोवराच्या लसीची नोंद माझ्याच हातची. आता बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला. "डॉक्टरकाका, थकवा येतो," एवढेच म्हणाला. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सारे ठीक. मी चिठ्ठी लिहून दिली. तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

पुढचे सांगायला त्याला अर्धा तास लागला. झोपेत वीर्यपात होतो, त्यामुळे शरीरातील सत्त्व निघून चालले आहे, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. रेल्वेच्या कडेच्या भिंतीवर वाचलेल्या पत्त्यावरून तीन महिने औषधाच्या पुड्या आणल्या होत्या. पैशांसाठी मोबाईल विकला आणि घरी चोरीला गेला म्हणून सांगितले. अभ्यास सुटला होता. "असं जगून काय करायचं" हे वाक्य त्याने इतक्या सहज उच्चारले की माझ्याकडून ते निसटलेच असते. चिठ्ठी घेऊन तो सरळ निघून गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या रात्री मला झोपू देईना.

वास्तविक ही क्रिया वयात आलेल्या निरोगी शरीराची आहे. आपल्या भाषेने मात्र तिला 'स्वप्नदोष' म्हणून आधीच दोषी ठरवून ठेवले आहे! या भीतीतून उद्भवणाऱ्या थकव्याला व छातीच्या धडधडीला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. थकवा खरा असतो. मूळ चिंतेत आणि अपराधभावात असते. अशा मुलाला "तुला काही झालेले नाही" असे सांगून वाटेला लावणे हा आपला नित्याचा प्रमाद. मग तो पुन्हा भिंतीकडे जातो, कारण भिंत निदान त्याचे ऐकून घेतल्याचा आव तरी आणते.

मराठीत या विषयावर बोलणारे कोणी झालेच नाही, असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. खटले सोसले, उपहास सोसला. ते मासिक बंद होऊन सत्तर वर्षे उलटली, तरी आपल्या दवाखान्यांतून आपण हा विषय कुजबुजतच बोलतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी, महाविद्यालयात हिंदी. दुखणे आईजवळ मराठीत सांगायचे, पण कमरेखालच्या शरीराला सभ्य असा शब्द त्या मुलाला दोन्ही भाषांत कोणी दिलेला नाही. भिंतीवरच्या जाहिरातीची हिंदी तेवढी त्याला पाठ असते. माझ्या या रुग्णानेही तीच वाक्ये मला ऐकवली.

तरुण मुलगे आपल्याकडे घाऊक संख्येने केव्हा येतात? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे ठाकतात, गोटमार होते, आणि आपण टाके घालत बसतो. परंपरेविषयीचा वाद येथे नको. पण फुटलेले डोके घेऊन यायला या मुलांना संकोच वाटत नाही आणि मनातले घेऊन यायला वाटतो, ही गोष्ट मला दर वर्षी खटकते.

व्यवस्थेची आखणीही अशी की बालरोगतज्ज्ञाचे काम अठराव्या वर्षी संपते, २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षी थांबतो. पुढे मुलगी निदान बाळंतपणाच्या निमित्ताने तपासली जाते (हेही काही भूषण नव्हे), मुलगा मधुमेह वा छातीत कळ येईपर्यंत कोणाच्याच वहीत नसतो. २०२२ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुषांच्या होत्या. विद्यार्थी तेरा हजारांवर होते.

खर्ऱ्याचे वेगळे सांगायला नकोच. २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र पन्नीत घोटला जातोच आहे. विशीतल्या मुलाचे तोंड स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडत नसेल तर ती धोक्याची खूण होय. हे पाहायला यंत्र लागत नाही.

काही पालक म्हणतील, "महाविद्यालयात असले विषय काढून मुलांना नाही ते शिकवू नका." त्यांना मी एवढेच विचारीन, की भिंत त्यांना शिकवीत आहे ते आपण वाचले आहे काय?

आपल्या संस्थेपुढे माझा प्रस्ताव साधा आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची एकदा तपासणी व्हावी: रक्तदाब, वजन, तोंडाची उघडझाप, सिकलसेल. त्यानंतर दार लोटून, मित्र आणि वडील बाहेर ठेवून, दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे. झोप कशी लागते, जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. त्याच्या हाती टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक द्यावा. तेथे रात्रीही फोन घेतला जातो.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्यात नवी सवय लावायला हरकत नसावी. माझ्यापुरते सांगायचे तर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच ते सात, माझा दवाखाना या मुलांसाठी मागच्या दाराने उघडा असतो. तो तरुण आता तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी मित्राला घेऊन आला होता आणि स्वतः बाहेर थांबला. सौंसरकडे असेच दार उघडणारे दोन सहकारी मला हवे आहेत. त्यांनी सभेच्या दिवशी जरूर भेटावे.